होऊन गेलेला ताप

ऑफिसात मला ‘कात्री’ म्हणतात. तोंडावर म्हणायची कोणाची टाप नाही, पण आमच्या संडासांची दारं पातळ आहेत आणि मला ऐकू छान येतं. साथीच्या रोगांवर संशोधन करणाऱ्यांना पैसा पुरवणारी आमची संस्था. आलेल्या मागण्यांत खरं किती आणि फुगवलेलं किती हे शोधून छाटायचं काम माझं. कोणी दोन फ्रीज मागितले की एक नमुन्यांसाठी असतो आणि दुसरा साहेबांच्या सरबतासाठी, हे मी मागणारा खुर्चीत कसा बसलाय त्यावरून सांगते. नावं ठेवणारे ठेवोत.

तर त्या वर्षी माझ्या टेबलावर ‘डास’ आला. डास म्हणजे एक डॉक्टर. समुद्रात खूप आत असलेल्या एका बेटावर हा वर्षानुवर्षं राहून तिथल्या प्रत्येकाचं रक्त काढायचा, म्हणून डास. बेट म्हणजे मूठभर घरं, एक धक्का, एक दीपगृह. बोट महिन्याकाठी एखादी, तीही समुद्राची मर्जी असली तर. अशा तुटक वस्तीत साथ कशी शिरते आणि कशी पसरते ते पाहायचं, म्हणून आम्ही त्याला पैसे दिले होते. आणि याचं दरवर्षी तेच पालुपद: कोणी आजारी नाही. विश्वस्त वैतागले. आमचे अध्यक्ष म्हणजे म्हातारे सर्जन, जिभेला हाड नाही. म्हणाले, टकल्यांच्या गावात न्हाव्याला दुकान कशाला काढून द्यायचं? त्यातच डासानं आणखी, आणि पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त पैसे मागितले. मग काय, कात्रीला पाठवायचं ठरलं.

जायला मी नाखूश होते, ते आमच्या ह्यांच्यामुळे. आदल्या वर्षी जगभर जो ताप फिरला, तो आमच्याही घरी मुक्कामाला आला होता. मला नुसता सर्दीवर सोडून गेला. ह्यांना मात्र त्यानं छातीत धरलं. दवाखान्यातून परत आणले ते अर्ध्यामुर्ध्या फुप्फुसांवर. असा आणखी एक ताप आला तर ह्यांना झेपणार नाही, असं छातीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं होतं. ते वाक्य मी घरात कधी उच्चारलं नाही, पण कपडे वाळत घालताना, नळाखाली भांडं धरताना ते माझ्या शेजारी उभं असायचं. हे जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेले, जात्याच थट्टेखोर. आता एका श्वासात अख्खा विनोद मावत नाही म्हणून तो दोन हप्त्यांत सांगायचे. मी बॅग भरत होते तर म्हणाले, “समुद्रात शार्क भेटला तर…” मग भिंतीला हात टेकला, श्वास गोळा केला, आणि म्हणाले, “…त्याचे दात कमी करू नकोस.”

मी हसले आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

डासानं एक विचित्र विनंती केली होती. बेटावरच्या रक्ताचा निम्मा वाटा आमच्या शहरातल्या कोठारात मोहोरबंद ठेवायचा, असा संस्थेचा नियम आहे. त्यातला अगदी पहिल्या वर्षीचा डबा मी घेऊन यावा, शिवाय त्याच वर्षी शहरात काढलेलं कोणाचंही रक्त आणावं, आणि तिथे पोचल्यावर यातलं काहीही त्याच्या हाती देऊ नये. चोरच म्हणतोय, तिजोरीची किल्ली माझ्याकडे नको, असं मला वाटलं. तरी मी बर्फाच्या पेटीत सगळं घेतलं.

बोटीत माझे जे हाल झाले ते सांगण्यासारखे नाहीत. धक्क्यावर उतरले तेव्हा पायाखालची फरशीसुद्धा हलत होती. समोर बेटावरची नर्सबाई उभी होती. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, पदर घट्ट खोचलेली. तिनं पुढे येऊन माझा दंड धरला.

“परत आलात. बरं झालं.”

मी पहिल्यांदाच येतेय, असं मी जरा तुटकपणेच सांगितलं. तिनं ते मनावर घेतलं नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, “आता बरं वाटतंय ना?” पोटात काही शिल्लक नव्हतं, म्हणून मी हो म्हणाले. धक्क्यावरच्या इतरांनीही माझ्याकडे ओळखीनं पाहिलं. एका म्हाताऱ्यानं मी न सांगता माझी बॅग उजव्या हातातून काढून डाव्या हातात दिली. माझा उजवा खांदा दुखतो, हे घरच्यांशिवाय कोणाला ठाऊक नाही. बॅग कशी धरलीय त्यावरून कळलं असेल, असं मी मनाशी म्हटलं.

आरोग्य केंद्र म्हणजे पत्र्याखालच्या दोन खोल्या. खिडक्यांच्या काचपट्ट्यांवर मिठाचा पांढरा थर. आतल्या खोलीत एक फ्रीझर, त्यावर गोधडी पांघरलेली, कारण जनरेटर दिवसातून दोनदा बंद पडायचा. आणि त्या फ्रीझरशेजारी अनवाणी, दाढी वाढलेला, डोळ्यांखाली काळं झालेला डास. पण चेहरा असा की घरात बारसं असावं. त्यानं मला पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणाला, “मॅडम, आधी बघा. मग पाहिजे तर कापा.”

त्याच्याकडे कागदी पट्ट्या होत्या. पट्टीवर रक्ताचा थेंब सोडायचा. त्या रक्तानं आदल्या वर्षीच्या तापाशी कधी झुंज दिली असेल तर निळी रेघ उमटते, नाहीतर पट्टी कोरी. मी त्याला बाहेर पायरीवर बसवलं, दार लावून घेतलं, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या काढून मलाच कळेल अशी खूण केली आणि बेटाचं नि शहराचं रक्त पत्त्यांसारखं पिसलं. ताप जगात आला आदल्या वर्षी. हे रक्त त्याच्या कितीतरी आधीचं, आमच्याच कोठारात आमच्याच कुलपाखाली गोठलेलं. म्हणजे सगळ्या पट्ट्या कोऱ्याच यायला हव्यात.

शहराच्या कोऱ्या आल्या. बेटाच्या एकूण एक पट्टीवर निळी रेघ आली.

मी पुन्हा पिसून पुन्हा केलं. पट्ट्यांचं दुसरं पुडकं फोडलं. स्वतःचे हात साबणानं घासून तिसऱ्यांदा केलं. तेच. दार उघडलं आणि मी, या वयात, या गुडघ्यांनिशी, जागच्या जागी उडी मारली. डास पायरीवरून उठला आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसत सुटलो. माझ्या आयुष्यात असं काही कधी माझ्या हाताखालून गेलं नव्हतं. जगाला ताप यायच्या आधी या लोकांच्या अंगातून तो जाऊन आला होता. कसा, ते डासाला माहीत नव्हतं आणि मला तर नव्हतंच. पण खोटं नव्हतं. खोटं मला वासानं कळतं.

नर्सबाई अंगणात सुया उकळत होती. मी तिला विचारलं, तो ताप इथे कधी आला होता? ती म्हणाली, येऊन गेला की. पण इथे तर कोणी आजारी पडल्याची नोंदच नाही! ती सावकाश म्हणाली की पडायचं कशाला, होऊन गेल्यावर कोण पडतं? तिच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. शेजारणीला कालची भाजी कशी होती ते सांगावं इतकं सरळ बोलत होती.

संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून बसलो असताना डासानं मला खरी गोष्ट सांगितली. अलीकडे काढलेल्या रक्तात जुन्या खुणांच्या वर नव्या खुणा आल्या होत्या. पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांत. कुठल्यातरी फार मोठ्या आजाराशी झुंजून आलेलं रक्त. त्यानं जगातल्या साऱ्या माहीत असलेल्या रोगांशी ते ताडून पाहिलं आणि एकाशीही जुळलं नाही. ओलं पाऊल दारात उमटलंय आणि पाहुणा अजून यायचाय. पण मॅडम, तो म्हणाला, पावलावरून जोडा बनवता येतो. या खुणांवरून, तो रोग यायच्या आधीच, त्याची लस बनवता येईल. म्हणून एवढा पैसा हवा.

मला तेव्हा काय वाटलं ते सरळच सांगते. मला आमचे हे दिसले. भिंतीला हात टेकून श्वास गोळा करणारे. पुढचा ताप यायच्या आत ह्यांच्या दंडात सुई टोचलेली असेल, आणि ती मी मिळवलेली असेल. मी डासाला म्हटलं की तू मागितलेस ते पैसे कमी आहेत, आणखी माग. तो खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला. कात्रीनं आणखी माग म्हणणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणं.

एक गोष्ट मात्र त्यानं जरा घुटमळत सांगितली. म्हणाला, इथल्यांची एक खोड आहे. दीपगृहाचा रखवालदार धडधाकट माणूस होता. एक दिवस सगळ्या बेटानं त्याच्याशी बोलणं सोडलं. तो चारचौघांत येऊन बसायचा, कोणी वर बघायचं नाही. हाक मारायचा, कोणी ओ द्यायचं नाही. डासाला वाटलं वाळीत टाकलंय. तो नर्सबाईशी कडाडून भांडला, की हा समोर उभाय तर त्याच्याशी बोलत का नाही? तिनं त्या जागेकडे पाहिलं आणि विचारलं, “कोण?” तिचे डोळे त्याच्यावर ठरतच नव्हते म्हणे. पुढे पावसाळा संपता संपता रखवालदार झोपेतच गेला. तेव्हा कोणी रडलं नाही. त्याच्यासाठी रडून कधीच झालं होतं.

मी म्हटलं, बेटं आणि भाऊबंदकी, जुनाच धंदा आहे. डास हो म्हणाला. आम्ही पुन्हा लशीवर आलो.

परतल्यावर मी जी झुंजले! ज्या विश्वस्तांना मी वर्षानुवर्षं ‘नाही’ म्हणायला शिकवलं, त्यांच्याच दारात आता मी ‘हो’ मागत फिरत होते. पट्ट्यांची चाचणी मी दुसऱ्या प्रयोगशाळेत करून घेतली, तिसरीत करून घेतली. खजिनदार म्हणाले, बाईंना समुद्राचं वारं लागलं. लागू दे. घरी आमचे हे मला भाषणाची तालीम द्यायचे. स्वतः अध्यक्ष व्हायचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायचे आणि विचारायचे, “बाई, या पैशात…” श्वास. “…माझा पुतळा बसेल का?” त्यांना मी एवढंच सांगितलं होतं की एक लस व्हायची आहे. कोणासाठी, ते त्यांना बहुतेक कळलं होतं.

एक नियम तेवढा उरला होता, आणि तो मीच केलेला. कोणत्याही वस्तीचं रक्त वापरायचं तर त्या वस्तीतल्या माणसानं विश्वस्तांसमोर स्वतः येऊन मान्यता द्यायची. अंगठे उठवून आणलेले कागद मी कधीच चालवले नाहीत. म्हणून नर्सबाईला डासाबरोबर बोटीनं शहरात आणलं. जन्मात पहिल्यांदा तिनं बेट सोडलं.

सभेची खोली आमची नेहमीची. लांब टेबल, पाण्याचे जग, कुरकुरणारा पंखा, आणि भोवती सगळे विश्वस्त, लस बनवणाऱ्या कारखान्याचे लोक, टिपणं घेणाऱ्या मुली. बसायला खुर्च्या पुरल्या नाहीत. मी अशी बोलले की माझा मलाच अचंबा वाटला. शेवटी अध्यक्षांनी चष्मा काढला आणि नर्सबाईला आदरानं विचारलं, तुमच्या लोकांना हे मान्य आहे ना?

ती गप्प. खिडकीकडे बघत बसलेली.

अध्यक्षांनी पुन्हा, मोठ्यानं विचारलं. ती तशीच. मी तिच्याकडे वाकून तोच प्रश्न केला. लगेच म्हणाली, “मान्य आहे, ताई. घ्या रक्त.”

खजिनदारांनी विचारलं, लहान मुलांचंही? पुन्हा गप्प. मी विचारलं, तर हो म्हणाली. कारखानेवाल्यांचंही तेच झालं. सगळे हसायला लागले. अध्यक्ष म्हणाले, कात्रीबाईंशिवाय कोणाचं ऐकायचं नाही अशी शपथ घेऊन आल्यात. मीही हसले. बुजली असेल बिचारी. टेबलाच्या टोकाला आमच्या सगळ्यात जुन्या विश्वस्त बसल्या होत्या. नव्वदीच्या, कानात यंत्र, हाडांचा सापळा. त्यांनी विचारलं, प्रवासात त्रास नाही ना झाला? त्यांच्याकडे मात्र नर्सबाई वळली, छान हसली आणि म्हणाली, नाही हो आजी, समुद्र शांत होता. बाईला बाईच बरी, असा कोणीतरी शेरा मारला.

मंजूर. एकमतानं. मागितलं त्याहून जास्त. लोकांनी टेबल बडवलं, डासानं माझ्या पायाला हात लावला, मुलींनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले आणि मी ते सगळ्यांसमोर पुसले. घरी फोन केला. पलीकडून आधी नुसताच श्वास ऐकू आला, मग ते म्हणाले, “पाहुणीला जेवायलाच आण.”

घर जवळ होतं, म्हणून नर्सबाईला घेऊन चालतच निघाले. भर दुपारची बाजाराची वेळ. हातगाड्या, शाळा सुटलेली पोरं, हॉर्न, खांद्याला खांदा. मी तिचा हात धरून बोलतच होते. आता लस होणार बघा, मी म्हटलं.

“झाली की,” ती म्हणाली. “बोटीनं आली होती आमच्याकडे. मीच टोचली.”

मी रस्त्यात थांबून तिला मिठी मारली. म्हणजे होणार! डासाचं खरं होणार! कधी आली, हे विचारायचं मला सुचलंच नाही. आनंदात माणूस अर्धंच विचारतो.

एक हमाल तिला घासून गेला. ती हेलपाटली, खांदा चोळत इकडेतिकडे पाहिलं.

“वारा फार आहे हो इकडे.”

वारा नव्हता. पान हलत नव्हतं. समोरून येणाऱ्या लोंढ्यात ती सरळ चालत राहिली, कोणाला वाट न देता, रिकाम्या अंगणात चालावं तशी. लोकच तिला चुकवत होते, शिव्या घालत होते. एकदाच ती बाजूला झाली. दप्तर घेतलेली एक लहान मुलगी पळत आली, तिच्यासाठी ती थांबली, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग पुन्हा सरळ निघाली.

“शहरात गर्दी असते म्हणाले होते,” ती हळू आवाजात म्हणाली. “किती मोकळं आहे.”

मी भराभर चालायला लागले. तिला जवळजवळ ओढतच.

जिना चढले. बेल वाजवली. आतून सावकाश पावलं आली, मधे एकदा थांबली, पुन्हा आली.

दार ह्यांनी उघडलं. इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस ओले करून बसवले होते. मागे टेबलावर ताटं मांडलेली दिसत होती. चेहरा नुसता फुलला होता.

“या, या! बेटाच्या राणीसाहेब…” म्हणाले, आणि श्वास घ्यायला थांबले. पुढचा हप्ता यायचा होता. एक हात अजून कडीवर होता.

नर्सबाईनं चपला काढल्या. दारातून आत पाहिलं, ताटांकडे, भिंतीकडे, खिडकीकडे. मग काळजीनं माझ्याकडे वळली.

“दार उघडंच टाकून गेला होतात, ताई?”